लांब दांडा म्हणजे जोरात गाडी? मुळीच नाही

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शाळेतल्या शर्यती जवळ आल्या की एक निरोप हमखास फिरतो. उंदराच्या सापळ्याच्या स्प्रिंगवर पळणारी गाडी जिंकायला हवी असेल तर म्हणे दांडा होईल तेवढा लांब ठेवा, मागची चाकं होतील तेवढी मोठी घ्या, वजन होईल तेवढं कमी करा आणि जे जे फिरतं तिथे तेल सोडा. गेल्या वर्षी मीही डोळे मिटून तसंच केलं. पाच मीटरच्या शर्यतीत लेकीची गाडी वरातीतल्या घोड्यासारखी डुलत निघाली. शेजारच्या मुलाची आखूड दांड्याची ओबडधोबड गाडी तोवर रेषा ओलांडून भिंतीवर आपटलीसुद्धा.

आधी दांड्याचं बोलू, कारण खरा घोळ तिथेच आहे. हा दांडा सापळ्याच्या स्प्रिंगच्या कडीला जोडतात. त्याच्या टोकाची दोरी मागच्या ॲक्सलवर, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या काडीवर, गुंडाळतात. सापळा सुटला की दांडा दोरी ओढतो आणि ॲक्सल फिरतो. दांडा लांबवल्याने ताकद वाढत नाही, दोरीची ओढ कमी होते. लांबी दुप्पट केली की ओढ निम्मी. स्प्रिंगमधली ऊर्जा आहे तेवढीच राहते. विल्यम हूकर यांनी 1894 साली अमेरिकेत पेटंट घेतलेला तो स्प्रिंगचा सापळा मुळात उंदीर मारायचा, म्हणजे सगळी ऊर्जा एका फटक्यात सोडणारा. दांडा त्या फटक्याला लांबण लावतो, बस्स.

आता हिशेब करून बघा. दांडा अर्धवर्तुळ फिरतो, म्हणून दोरी त्याच्या साधारण दुप्पट लांबीची ओढली जाते. 30 सेंटिमीटरच्या दांड्याला 60 सेंटिमीटर दोरी. ॲक्सल 5 मिलिमीटर जाडीचा असेल तर तिचे 38 वेढे बसतात. चाक सीडीचं, म्हणजे 12 सेंटिमीटर व्यासाचं. एका फेरीत ते जेमतेम 38 सेंटिमीटर जातं. म्हणजे गाडी 14 मीटरपर्यंत हळूहळू ओढली जाणार. शर्यत 5 मीटरची! आमची गाडी रेषेवर पोचली तेव्हा स्प्रिंगमध्ये निम्म्याहून जास्त ऊर्जा तशीच पडून होती. दांडा 10 सेंटिमीटरचा केला तर हाच हिशेब पावणेपाच मीटरवर येतो. लांब दांडा वाईट नाही, पण तो अंतराच्या स्पर्धेसाठी, वेगाच्या नव्हे.

मोठ्या चाकांची गोष्ट याच नात्यातली. सीडीच्या कडेला मिळणारा जोर दोरीच्या ओढीच्या 24 पट कमी असतो. एका हौशी बाबांनी जुन्या एलपी रेकॉर्डची चाकं लावली होती. तिथे हा आकडा 60 होतो, त्यामुळे गाडी जागची हलेना. त्यावर उपाय सोपा आहे: दोरीचे शेवटचे दोन-तीन वेढे ज्या जागी बसतात तिथे ॲक्सलवर टेप गुंडाळून तो जाड करा. सुटताना जोर मिळतो, पुढे बारीक ॲक्सल वेग देतो.

वजन कमी हवं, हे अर्धं खरं. पण आखूड दांड्याच्या फार हलक्या गाडीची चाकं जागच्या जागी गरगरतात. फुग्याचा मधला पट्टा कापून सीडीच्या कडेवर चढवा आणि सापळ्याचं वजन मागच्या चाकांकडे येऊ द्या.

तेल मात्र नकोच. धूळ चिकटते, आणि चाकावर ओघळलं तर पकड गेली. पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते.

ज्याने गाड्या खरोखर हरतात ते या निरोपात नाहीच. दोरी ॲक्सलला गाठ मारून बांधू नका. ॲक्सलवर छोटा खिळा चिकटवा आणि दोरीच्या टोकाचा फास त्यात नुसता अडकवा. गाठ असली की दोरी संपल्यावर उलटी गुंडाळली जाते आणि पळती गाडी स्वतःलाच ब्रेक लावते. दुसरं म्हणजे सीडीचं भोक 15 मिलिमीटरचं असतं. त्यात ॲक्सल बरोबर मध्यावर आला नाही तर चाक लंगडतं. नळाचा रबरी वॉशर तिथे छान बसतो. आणि दोन्ही ॲक्सल समांतर आहेत ना, हे पट्टीने मोजा, नजरेने नाही. गाडी एक अंश जरी तिरकी निघाली तरी 10 मीटरवर 17 सेंटिमीटर बाजूला जाते. वळत गेली तर थेट भिंतीत.

यंदा धाकट्याची पाळी आहे. त्याच्या वर्गाची शर्यत वेगाची नाही, सगळ्यात लांब कोण जातं याची आहे. म्हणून बेसमेंटमधून तो 30 सेंटिमीटरचा दांडा पुन्हा वर आणलाय.