पिवळंच हवं होतं, तर तरवड काढला कशाला?

मुरमाड प्लॉटवर घर बांधायचं ठरलं की आधी जेसीबी फिरतो आणि आपणहून उगवलेलं सगळं साफ होतं. त्यात तरवड हे पिवळ्या फुलांचं झुडूपही जातं. मग लाल मातीचे ट्रक येतात, लॉन येतं, ठिबक येतं आणि पिवळ्या फुलांसाठी अलामांडा, टेकोमा येतात. दोन्ही मूळची अमेरिका खंडांतली.

तरवड हा दख्खनच्या उघड्या माळाचाच. शेजारच्या तेलंगणाने त्याला राज्यफूल केलंय, तिथल्या सणातला फुलांचा मनोरा, म्हणजे बतुकम्मा, त्याच्या फुलांशिवाय रचली जात नाही. आपल्याकडे मात्र तो 'रानटी'. नर्सरीत मागितला तर माणूस आपल्याकडेच संशयाने बघतो.

नर्सरीची गरजही नाही म्हणा. सोटमूळ खोल जातं, त्यामुळे मोठं रोप उपटून लावलं तर बहुधा दगावतं. वाळलेल्या चपट्या शेंगा आणायच्या. बीचं कवच टणक असतं, म्हणून पाणी उकळून खाली उतरवायचं, त्यात बी टाकून रात्रभर ठेवायचं आणि पहिल्या पावसानंतर थेट जागेवरच टोकायचं. पहिला उन्हाळा अधूनमधून पाणी द्या, पुढे हात आखडता घ्या. लाडाने मरणारं झाड आहे हे! पाणी साचलं की मूळ कुजतं. त्यामुळे निचरा न होणाऱ्या चिकण काळ्या मातीत याचा हट्ट धरू नका. खतही नको, नुसता पाला माजतो. शेंगवर्गीय आहे म्हणून 'जमिनीत नत्र वाढवतो' असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका, याच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी येत नाहीत. छाटणी मात्र बिनधास्त करा. कातडी कमावायला साल लागते म्हणून लोक पिढ्यान्‌पिढ्या याला तोडत आले, तरी बुंध्यातून फुटवे येतातच.

फुलावर काळा भुंगा आला की जरा थांबून ऐका. या फुलात मध नसतो, नुसते पराग, तेही परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातूनच बाहेर पडतात. भुंगा फूल धरून अंग थरथरवतो, तेव्हा कुठे ते झडतात. त्या वेळी गुणगुणण्याचा सूर एकदम बदलतो. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर लगेच फवारणीचा पंप काढू नका. पांढरट-पिवळी फुलपाखरं याच पानांवर अंडी घालतात, आणि खाल्लेली पानं झाड पुन्हा भरून काढतं.

ज्यांचं बांधकाम अजून सुरू व्हायचंय त्यांनी जेसीबीवाल्याला निदान कुंपणालगतची पट्टी सोडायला सांगा. तिथे तरवड असेल तर तुमचं निम्मं काम झालेलंच आहे.