मोठं नाव छापलं की विश्वास बसतो?

घरगुती मसाले, पापड, तेलं विकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला सतत फिरतोय. पाकिटावर ‘डब्ल्यूएचओ’, ‘एफएसएसएआय मान्यताप्राप्त’, ‘संशोधनाने सिद्ध’ असं ठळक छापा. गिऱ्हाईक तपासत बसत नाही, संशोधन कुणाचंही चालतं आणि छोट्या धंद्याला कुणी जाब विचारत नाही. बचत गटांच्या ताईंना लेबलं करून देताना हा सल्ला मी रोज ऐकते. तो त्यांना खड्ड्यात घालणारा आहे.

आधी ‘तपासतं कोण?’ हे घेऊ. फेब्रुवारी २०२१मध्ये पतंजलीने कोविडवरचं औषध म्हणून आणलेल्या ‘कोरोनिल’साठी जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) प्रमाणन योजनेचा दाखला दिला. लगेच संघटनेच्या आग्नेय आशिया कार्यालयाने जाहीर केलं, की कोविडवरच्या कोणत्याही पारंपरिक औषधाची परिणामकारकता आम्ही तपासलेली नाही, प्रमाणितही केलेली नाही. प्रमाणपत्र भारतातल्या औषध नियंत्रकांचं आहे, असा खुलासा मग कंपनीला करावा लागला. ज्याचं नाव पुढे केलं, त्यानेच नाही म्हटल्यावर उरतं काय?

एफएसएसएआय म्हणजे केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण. त्याचा १४ अंकी क्रमांक हा धंद्याचा परवाना किंवा नोंदणी. तो छापायलाच हवा, पण तुमचा माल उत्तम असल्याचा तो शेरा नव्हे. ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द काढा.

‘संशोधन कुणाचंही चालतं’ हा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. हळदीवर संशोधन भरपूर आहे, पण त्यातलं बरंचसं कर्क्युमिन या हळदीतल्या पिवळ्या घटकाच्या अर्कावर. साध्या हळदीत कर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के. अर्कावरचा निष्कर्ष चमचाभर हळदीला चिकटवला, तर संदर्भ खरा आणि दावा खोटा ठरतो. नेमका संदर्भ काय करू शकतो, हेही हळदीनेच दाखवलंय. १९९५मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. ‘आमच्या आजीलाही हे ठाऊक होतं’ एवढ्यावर ते हललं नसतं. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने पेटंटला आव्हान देत ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यात जुना संस्कृत ग्रंथ होता, १९५३चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला निबंधही होता. १९९७मध्ये पेटंट रद्द झालं. प्रत्येक संदर्भ उघडून वाचता येण्यासारखा होता आणि वादाच्या मुद्द्याबद्दलच बोलत होता.

छोट्यांना कुणी विचारत नाही, हेही चूक. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. उत्पादक लहान म्हणून त्यात सूट नाही. ‘मधुमेह बरा होतो’ लिहिलंत तर १९५४चा औषधे व जादूटोणा उपाय जाहिरात कायदाही आड येतो.

गेल्या हंगामात सांगलीकडच्या एका गटाच्या हळदीच्या पाकिटावरून ‘संशोधनाने सिद्ध’ काढलं. त्या जागी बॅच क्रमांक, प्रयोगशाळेचं नाव, तपासणीची तारीख आणि कर्क्युमिनचं प्रमाण छापलं. खाली लिहिलं, ‘अहवाल हवा असेल तर फोन करा.’ पहिल्याच आठवड्यात तिघांनी तो मागवला.