टीव्हीकडे पाठ करून

आमच्या डोंबिवलीच्या घरात जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या आहेत. त्यातली टीव्हीकडे पाठ असलेली माझी. २०१९ च्या दिवाळीत मी ती मागून घेतली, आईच्या रात्री आठच्या मालिकेचा निषेध म्हणून. तेव्हापासून चारचौघांत ताठ मानेने सांगतो, "मी मालिका बघत नाही." यात तिळमात्र खोटं नाही. मी ती ऐकतो.

ऐकून ऐकून माझा कान इतका तयार झालाय की सासूबाईंच्या बांगड्या कशा वाजतात आणि धाकट्या जावेच्या कशा, हे मी वरणभात कालवता कालवता सांगू शकतो. 'ढँण्' तीनदा वाजलं की कुणीतरी दारात उभं आहे. एकदाच वाजून बासरी सुरू झाली की नायिका देवघरात गेली. आवाज एकदम दुप्पट झाला की जाहिराती.

कथानक तसं सोपं आहे. कपाटातून घराचे कागद चोरीला गेलेत. ते चोरीला गेले तेव्हा आमच्याकडे गौरी-गणपती होते. त्यानंतर गणपती दोनदा येऊन गेले, कागद आले नाहीत. एकदा त्या घरात सोमवारी रात्र झाली ती गुरुवारपर्यंत उजाडेचना. चोर जिन्यावर, नायिका जिन्याखाली, दिवे गेलेले. मध्येच वटपौर्णिमा आली म्हणून सगळ्या जणी नऊवारी नेसून भर उन्हात वडाला सात फेऱ्या मारून आल्या आणि शुक्रवारी पुन्हा त्याच रात्री त्याच जिन्यावर आपापल्या जागी उभ्या राहिल्या.

"अगं, पण ती वर का बघत नाही?" मी न राहवून विचारलं.

"तुझी पाठ आहे ना तिकडे? मग जेव."

मला हिशेबाची वाईट खोड आहे. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की उरतात जेमतेम बावीस मिनिटं. त्यातली काही कालचं आज दाखवण्यात जातात, काही प्रत्येकाचा चेहरा तीनतीनदा दाखवण्यात. रामानंद सागरांचं रामायण १९८७-८८ मध्ये ७८ भागांत आटोपलं. त्यात सेतू बांधून झाला, लंका जाळून झाली. बी. आर. चोप्रांनी महाभारत ९४ भागांत बसवलं. ज्याची ख्याती लाख श्लोकांचा ग्रंथ अशी, ते गीतेसकट, अठरा दिवसांच्या युद्धासकट ९४ भागांत. आमच्या कपाटाच्या किल्लीलाच त्याहून जास्त लागले.

अर्थात आमचं घर या बाबतीत पोळलेलं आहे. 'चार दिवस सासूचे' नावाची मालिका आईने पहिल्या भागापासून पाहिली. नावातच चार दिवसांचं लेखी आश्वासन होतं. २००१ ला सुरू झाली, २०१३ ला संपली, तीन हजारांहून जास्त भाग. माझं लग्न तिच्या ऐन भरात झालं. म्हणीतले सुनेचे चार दिवस कधी येतात याकडे बायको डोळे लावून होती. मग 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीला दिवस गेले आणि अख्खा महाराष्ट्र बोटांवर महिने मोजायला लागला. बोटं संपली. व्हॉट्सॲपवर विनोदांचा पाऊस पडला, आईने मात्र एकही विनोद खपवून घेतला नाही. "बाईच्या जिवाचं असतं ते, तुम्हाला काय कळणार!" असं म्हणाली.

बाबांचा पंथ वेगळा. त्यांचं दैवत बाबुराव अर्नाळकर. त्या गृहस्थांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण दुपारी हातात घेतलेलं पुस्तक संध्याकाळच्या चहापर्यंत संपायचं आणि खुनी सापडायचा. "हजार लिहा हो," बाबा म्हणत, "पण एकेक संपवा!" आणि रेडिओ घेऊन गॅलरीत जात.

मार्च २०२० मध्ये चित्रीकरणं बंद पडली तेव्हा एवढ्या भीतीतही मला चोरटा आनंद झाला. तो आठवडाभर टिकला. वाहिनीने जुने भाग पहिल्यापासून लावले आणि आई ते दुप्पट गोडीने बघायला लागली. "बघ, इथेच चुकलं हिचं," असं ती आता पुढचं ठाऊक असलेल्या ज्योतिषाच्या थाटात सांगायची. मिरजेच्या मावशीकडे केबल गेली तर फोनवर सगळा भाग सांगायची. बावीस मिनिटांचा भाग आई चाळीस मिनिटांत सांगते. मालिका लांबवणाऱ्यांनी तिला अजून कामावर कसं घेतलं नाही, नवल आहे.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पुन्हा चित्रीकरण थांबलं आणि बऱ्याच मराठी मालिका गोव्याला, दमणला वगैरे गेल्या. आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं. एका रात्री माझ्या पाठीमागे अखंड खर्र-खर्र सुरू झाली. मी दोन दिवस सोसलं, तिसऱ्या दिवशी टीव्ही दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "साहेब, तो समुद्र आहे." कागद चोरीला गेलेलं अख्खं कुटुंब मनःशांतीसाठी रिसॉर्टवर गेलं होतं. मे महिन्यात गोव्यानेही परवानगी काढून घेतली, आणि दुरुस्तीवाल्याने तपासणीचे दोनशे रुपये घेतले ते घेतलेच.

मधे नायिका बदलली. आईला दोन दिवसांत सवय झाली. चेहरा वेगळा, पण साड्या त्याच ना! मला पंधरा दिवस घास गेला नाही. कुणी परकीच बाई आमच्या सुनेची वाक्यं बोलत होती.

आणि परवा जाहीर झालं, शेवटचा आठवडा.

"सुटलो!" बायको म्हणाली. "फारच लांबवली होती मेल्यांनी," आई म्हणाली. मला मात्र उगीचच भूक नव्हती. शेवटच्या दिवशी कागद सापडले (देवघरातच होते), दुष्ट जावेला पश्चात्ताप झाला, दोन लग्नं लागली, सगळं त्या बावीस मिनिटांत. मला राहवलं नाही. मी खुर्ची फिरवली.

आडदांड समजत होतो तो खलनायक निघाला किडकिडीत, चष्मेवाला, आमच्या सोसायटीच्या खजिनदारासारखा. आवाजावरून पंचविशीचा वाटणारा नायक चांगला पोक्त होता. मी सगळ्यांकडे नवीन पाहुण्यांकडे बघावं तसं बघत होतो.

"सासूबाई कुठायत?"

"अरे, त्या वारल्या. दोन वर्षं झाली."

"मला वाटलं, मौनव्रत घेतलंय. आणि बांगड्या? रोज वाजतात त्या?"

"सुनेच्या हातात आहेत. जाताना तिलाच दिल्या त्यांनी," आई म्हणाली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. बायको माझ्याकडे बघून नुसती हसली.

सोमवारी आठ वाजता त्याच जागी नवी मालिका आली. मी खुर्ची होती तशी केली, पाठ टीव्हीकडे. भाताचा पहिला घास घेतला आणि मागे वाजलं, ढँण्, ढँण्, ढँण्.

"कोण आलंय गं दारात?" मी विचारलं.