पद आणि मिनी

आमच्या घरात तिला पद्मिनी कुणी कधी म्हटलं नाही. 'फियाट काढ', 'फियाटवर कव्हर घाल', 'फियाटखाली मांजर व्यालीय'. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने 1974 साली फियाटच्याच गाडीला चितोडच्या राणीचं, पद्मिनीचं, नाव देऊन ती बाजारात आणली. आमची 1984 सालची. अण्णांनी सात वर्षं नंबर लावून मिळवलेली. म्हणजे ती घरी आली तेव्हा फियाट हे नाव कागदोपत्री जाऊन दहा वर्षं झाली होती. अण्णांनी त्याची दखल घेतली नाही.

दखल घेतली ती थेट 2023 च्या ऑक्टोबरात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरल्याची बातमी पेपरात आली, तेव्हा अण्णांनी चष्मा पुसला, पेपर घेऊन खाली गेले आणि दहा मिनिटांनी वर येऊन म्हणाले, "आपल्या गाडीवरचं नाव वाचताच येत नाही रे."

खरंच येत नव्हतं. डिकीवरच्या त्या तिरक्या, एकमेकांच्या हातात हात घातलेल्या इंग्रजी अक्षरांवर पांढरट बुरा साचला होता. जागोजागी देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. "रविवारी करून टाकतो," मी म्हणालो. कुठला रविवार ते बोललो नाही, एवढंच शहाणपण.

पहिली पायरी, मोनोग्राम काढणे. मी व्हिडिओ पाहिला होता. त्यातला गोरा माणूस हेअर ड्रायरने अक्षरं गरम करतो, मागून दोरा घालतो, करवतीसारखा ओढतो आणि अक्षरं अलगद त्याच्या हातात येतात. मी बायकोचा ड्रायर आणि गोधडीचा दोरा घेऊन वीस मिनिटं करवत ओढली. दोरा तीनदा तुटला. अण्णा खुर्ची टाकून बघत होते. चौथ्यांदा दोरा ओवताना म्हणाले, "ते चिकटवलेलं नाहीये. मागे पिना आहेत. डिकी उघड, आतून क्लिपा दिसतील."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुझी काही नवीन पद्धत असेल."

क्लिपा गंजून पिनांशी एकजीव झालेल्या. एक सुटली, दुसरी सुटली, तिसरीला मी पक्कड लावून हिसका मारला. कट्ट असा बारीक आवाज आला आणि नावाचे दोन तुकडे झाले. 'मिनी' माझ्या हातात. 'पद' डिकीवरच.

"पद सहजासहजी सुटत नाही," अण्णा म्हणाले. बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस आहे.

पुढे अर्ध्या तासाने पदही सुटलं. दोन्ही तुकडे मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर नेले. इथपर्यंत माझी समजूत अशी होती की चकचकीत धातू म्हणजे स्टील. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की क्रोमवरचा गंज निघतो, हे मी बंपरवर करून पाहिलं होतं आणि ते खरंच होतं. बंपरचं पोट लोखंडाचं असतं. अक्षरांवर मात्र लाल गंज नव्हताच, तो पांढरा बुरा होता, आणि तो बोळ्याला दाद देईना.

मग आईने एक सूचना केली. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, घरातल्या सगळ्या तांब्या-पितळेची एकहाती जबाबदारी सांभाळलेली. "चिंचेत घाल रात्रभर."

मी घातलं. सकाळी वाडग्यात पाहिलं तर पाणी गढूळ आणि 'पद'चं पोट पापडासारखं उललेलं. जिथे थोडं तरी क्रोम होतं, तिथून त्याचे पापुद्रे सुटत होते. आई वाडग्यात डोकावून म्हणाली, "मग ते पितळ नसणार." हे निदान आदल्या संध्याकाळी झालं असतं तर बरं झालं असतं.

ते जस्त होतं. हे मला कसबा पेठेत तांबट आळीत कळलं. एका म्हाताऱ्या कारागिराने 'मिनी' हातात घेतली, वजन केलं, तुटलेल्या कडेवरचे करडे, रवाळ दाणे पाहिले आणि हातातल्या हातोडीकडे नजर टाकून म्हणाला, "ओतीव जस्त. ह्याला मी हातोडी लावली तर तुम्ही झाडूने गोळा करून न्याल." मग शेजारच्याला हाक मारून दाखवलं. दोघं हसले. मीही हसलो, कारण आणखी काय करणार.

नाना पेठेत स्पेअरच्या दुकानात नवा मोनोग्राम मिळाला, पण प्लास्टिकचा, वरून चांदीचा रंग. घरी दाखवला. अण्णा म्हणाले, "कवळी मला आहे. गाडीला नको."

शेवटी भोसरीत एक प्लेटिंगवाला. त्याने आधी वास घेतला. "चिंच का?" बहुतेक मी पहिला नव्हतो. मग त्याने मला जे सांगितलं ते ऐकून माझा क्रोमवरचा विश्वास उडाला. क्रोमचा थर म्हणे एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. खरी चमक त्याच्याखालच्या निकेलची, निकेलच्या खाली तांबं, तांब्याच्या खाली आपलं जस्त. क्रोम नुसता वरून घेतलेला पदर. सगळं उतरवायचं, बफ मारायचा, खड्डे तांब्याने भरत आणायचे, पुन्हा बफ, मग निकेल, मग क्रोम. आणि उतरवताना ॲसिडात थोडं जास्त राहिलं तर जस्तच जातं. "गेलं तर माझी जबाबदारी नाही. दोन पीससाठी टाकी लावणं परवडत नाही साहेब. हजार बंपर आले की त्यात टाकतो."

हजार बंपर यायला सव्वा महिना लागला.

मधल्या काळात मला वाटायला लागलं होतं की आपल्याला पॉलिश जमतं. घरात मऊ फडकी होती, पॉलिशची डबी होती, आणि रविवारी हात शिवशिवायचे. बायकोने हे बरोबर हेरलं. "अहो, नाहीतरी बसताच आहात तर," म्हणत तिने देवघरातलं ताम्हन, पळी, निरांजन माझ्यापुढे ठेवलं. चिंच होतीच. आणि काय सांगू, पितळ जे उजळलं! एका हाताच्या फेऱ्यात पिवळंधमक. जस्ताने केलेल्या अपमानाची पुरती भरपाई झाली. मी ताम्हन गॅलरीच्या कठड्यावर सुकायला ठेवलं. तीच चूक झाली, कारण ते समोरच्या बिल्डिंगमधून दिसलं.

अक्षरं आली. मागून एपॉक्सी भरून मी 'पद' आणि 'मिनी' जोडले, रात्रभर वर शब्दकोश ठेवला, आणि डिकीवर बसवले. अण्णांनी खाली येऊन बोट फिरवलं. डी आणि एमच्या मध्ये त्यांचं नख अडकलं. "जागा सोडलीयस," म्हणाले. पण खिशातून रुमाल काढला, माझ्या बोटांचे ठसे पुसले आणि जरा मागे सरकून, मान तिरकी करून, तोंडातल्या तोंडात वाचलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. मग म्हणाले, "हं. फियाटवर कव्हर घाल."

मी कव्हर ओढत होतो तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगमधलं एक पोरगं दोन्ही हातांनी कमरेएवढी समई सांभाळत आलं. काळीकुट्ट, पाच वातींची, वर मोर.

"फियाटवाले काका, आई म्हणाली गणपतीच्या आधी मिळेल का?"