एजंटाची फी आधी भरायची नसते

यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या साहित्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: एजंटाशिवाय, म्हणजे लेखकाचं पुस्तक प्रकाशकाला विकून देणाऱ्या मध्यस्थाशिवाय, आता पुस्तक निघत नाही. दिल्लीचे लिटररी एजंट खेड्यातल्या नव्या लेखकांच्या शोधात आहेत. हस्तलिखित वाचण्याबद्दल एजंटाला ‘वाचन शुल्क’ भरा आणि ते सगळ्यांना एकदम पाठवा. त्याआधी कॉपीराइट नोंदवा, नाहीतर कथा चोरीला जाते. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, पैसे वेगळे. शुल्काचा आकडा गटागटाला बदलतो, शेवटचा जोडलेल्या हातांचा इमोजी तेवढा तोच. कुणी मास्तर, कुणी अंगणवाडी ताई हे वाचून पैशाची जुळवाजुळव करू लागतात, म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

एजंटाशिवाय पुस्तक निघत नाही, हे लंडन-न्यूयॉर्कच्या बड्या प्रकाशकांपुरतं बरंचसं खरं आहे. मराठीत ती रीतच नाही. पुण्याचा असो की नागपूरचा, मराठी प्रकाशक लेखकाशी थेट बोलतो. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची. तिथं कथा पाठवायला मधे कुणी लागत नाही. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून आपल्याच भागात आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना तर पहिलं पुस्तक काढणाऱ्यांसाठीच आहे. आधी ही दारं ठोठवा ना बाप्पा!

आता शुल्क. खरी मेख इथंच आहे. अडत्या कापूस विकला गेल्यावर अडत कापतो. बंडी यार्डात शिरायच्या आधी पैसे मागणाऱ्या अडत्याला आपण उभं करणार नाही. एजंटाचा धंदाही तसाच चालतो. त्यानं पुस्तक प्रकाशकाला विकलं, लेखकाला पैसे मिळाले, की त्यातून साधारण १५ टक्के त्याचे. परदेशातले हक्क विकले तर बहुधा २० टक्के. पुस्तक विकलं नाही तर त्याला दमडी नाही. अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनेच्या आचारसंहितेत वाचन शुल्क घ्यायला मनाई आहे. संपादन करून देणं हा वेगळा व्यवसाय आहे आणि त्याचे पैसे घेण्यात गैर काही नाही. पण ‘आमच्याकडूनच संपादन करा, मग आम्ही एजंट होतो’ असं कुणी म्हटलं, की समजून जा.

नवे लेखक शोधणारे एजंट असतात, हे मात्र खोटं नाही. जुन्या, नावाजलेल्या एजन्सीत नुकताच रुजू झालेला एजंट स्वतःची यादी उभी करत असतो; नवख्याला तिथं जास्त वाव. त्याला हुडकायचं कसं? तुमच्या लेखनाच्या जातकुळीची चार-पाच इंग्रजी पुस्तकं घ्या आणि ऋणनिर्देशाचं पान उघडा. लेखक बहुतेकदा तिथं एजंटाचे आभार मानतो. मग त्या एजन्सीच्या संकेतस्थळावर जाऊन सध्या नवं लेखन घेतात का, ते बघा. भारतातले एजंट मुख्यतः इंग्रजीत काम करतात, त्यामुळे मराठी कादंबरी असेल तर काही प्रकरणांचा चांगला इंग्रजी अनुवाद हाताशी हवा.

‘सगळ्यांना एकदम पाठवा’ हा सल्ला तर हमखास नापास करणारा. एकाच मेलमध्ये चाळीस पत्ते दिसले, की कुणीच उघडत नाही. एकाच वेळी अनेकांकडे पाठवायला सहसा हरकत नसते, पण थोड्याथोड्यांना, प्रत्येकाला नावानिशी वेगळं पत्र लिहून. अख्खं हस्तलिखितही आधी पाठवायचं नसतं. एक पानाचं पत्र, शेवट न लपवता सांगितलेला कथासार, आणि ते मागतील तेवढीच सुरुवातीची पानं. कादंबरी मात्र पूर्ण लिहून झालेली हवी, कारण पानं आवडली की ते उरलेली लगेच मागतात. उत्तराला दोन-तीन महिने लागणं नेहमीचंच. काही जण नकारही कळवत नाहीत. मराठी प्रकाशकाकडे पाठवताना आणखी एक भानगड असते. तालुक्याच्या डीटीपीवाल्यानं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल पलीकडच्या संगणकावर उघडली, की ‘माय’च्या जागी रोमन अक्षरं आणि भलतीच चिन्हं उमटतात. त्याच्याकडून फाइल युनिकोडमध्येच घ्या, म्हणजे मराठी अक्षरं कुठल्याही संगणकावर तशीच दिसतात; सोबत पीडीएफ जोडा.

कॉपीराइटची भीती उगाच घातलेली आहे. १९५७ च्या कायद्यानं लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचाच असतो. नोंदणी ऐच्छिक आहे, आणि साहित्यकृतीला सरकारी शुल्क ५०० रुपये. खरी भीती कराराची बाळगा. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. म्हणूनच ‘कायमचे, सर्व भाषांतले’ हे शब्द करारात कुठं दडलेत का, ते सहीआधी शोधा.

आयएसबीएन? भारतात तो राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो. बहुधा प्रकाशकच काढतो.

मजकूर पुन्हा गटात आला, तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: भाऊ, तुमच्या एजंटानं आजवर कुणाचं पुस्तक कोणत्या प्रकाशकाला विकलं? नावं आली तर ती पुस्तकं मिळवा आणि आतलं श्रेयपान बघा. प्रकाशक म्हणून एजंटाचंच नाव असेल, तर तो पैसे घेऊन छापून देणारा आहे.