सील शे ना भो!

मे महिना आहे, पारा पंचेचाळिशीला टेकलाय आणि तुम्हाला भुसावळहून सुरतेच्या गाडीनं नंदुरबारला लग्नाला जायचंय. अशा वेळी घरून पाणी मुळीच नेऊ नका. फिरकीचा तांब्या घेऊन फिरणारा माणूस एक तर चिक्कू दिसतो, नाही तर म्हातारा. बाटली विकत घ्या. वऱ्हाडी मंडळींत जरा वजन पडतं.

घेताना एकच पथ्य पाळा. गाडी हलेपर्यंत थांबा. उभ्या गाडीत घेतली की माणूस उगाच झाकणाखालचं कडं शाबूत आहे का, तारीख वाचता येते का, हे बघत बसतो. गाडी हलली की पैसे खिडकीबाहेर, बाटली आत, चौकशीचा प्रश्नच मिटला. तरी कुणी खोड काढलीच तर विकणारा पोरगा पळता पळता अहिराणीत उत्तर देऊन जातो, "सील शे ना भो!" म्हणजे, सील आहे ना भाऊ! नव्या झाकणाचं कडं तुटताना कट् असा आवाज येतो म्हणे. मागच्या उन्हाळ्यात मी घेतलेल्या बाटलीचं झाकण तेल घातलेल्या बिजागरीसारखं मुकाट फिरलं. मला वाटलं, काय सुधारणा झाल्यात!

बाटली गार हवी, हे तर झालंच. ती थर्माकोलच्या खोक्यातली असावी. त्या खोक्यात एकदा डोकावून बघा, म्हणजे नको, बघूच नका. वर ओलं गोणपाट, खाली बर्फाची लादी, आणि लादीचं जे पाणी झालंय त्यात बाटल्या गळ्यापर्यंत बुडालेल्या. लेबल सुटून तरंगतंय. त्याच पाण्यात सुट्टे पैसे मोजलेला हात कोपरापर्यंत जातो आणि बाटली मानेला धरून वर येते. ही लादी खाण्याची नसते. असला बर्फ ओळखू यावा म्हणून २०१८ साली महाराष्ट्रात त्यात निळा रंग घालायचा नियम आला. पण आपण बर्फ थोडाच खातो? आपण फक्त त्याचं पाणी झाकणाच्या आट्यांतून ओघळलं की बाटलीला तोंड लावतो.

आता जंतूंचं. काही लोकांना यातली आकडेमोड तोंडपाठ असते, त्यांच्या शेजारी बसू नका. ते सांगतील की बाटलीबंद पाण्याच्या आयएस १४५४३ या भारतीय मानकाप्रमाणे पाव लिटर पाण्यात एकही ई. कोलाय चालत नाही, कोलिफॉर्म चालत नाही, स्युडोमोनास एरुजिनोसा चालत नाही. ई. कोलाय सापडला की समजायचं, पाण्याची कुठे तरी मैल्याशी गाठ पडली आहे. साधे निरुपद्रवी जंतू मात्र थोडे चालतात. ३७ अंशांवर २४ तास ठेवून मोजले तर दर मिलिलिटरला वीसपर्यंत. प्रयोगशाळेला हे ३७ अंश राखायला यंत्र घ्यावं लागतं. आपल्या खान्देशात ते गोदामाच्या सावलीत फुकट मिळतात, आणि २४ तासच कशाला, चांगले दोन-दोन महिने.

बाटल्यांचे खोके उन्हात रचलेले दिसले तर खंतावू नका. स्वच्छ, पारदर्शक बाटली कडक उन्हात सहा तास ठेवली की अतिनील किरणांनी जंतू मरतात, ही जगभर वापरली जाणारी पद्धत आहे. फक्त ऊन सगळ्या बाटलीला लागावं लागतं. खोक्याच्या पोटातल्या बाटल्यांना ऊन दिसत नाही, नुसती ऊब मिळते. अंडी उबवायलाही तेवढीच लागते.

नळाच्या पाण्याला नाक मुरडायला मात्र विसरू नका. त्याला क्लोरीनचा वास येतो! तो वास म्हणजे वाटेत घुसलेल्या जंतूसाठी ठेवलेला पहारेकरी, लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम. बाटलीत भरताना पाणी ओझोननं आणि अतिनील दिव्यानं मारूनमुटकून शुद्ध करतात, पण ओझोन थोड्याच वेळात विरून जातो आणि दिवा तर कारखान्यातच राहतो. नंतर सील उघडलं, उष्टं तोंड लागलं, की आत पहाऱ्याला कुणी नाही. आपल्याला वास नाही म्हणजे शुद्ध, एवढं कळतं आणि तेवढं पुरे. सरकारचंही बघा. बाटलीबंद पाण्याची आयएसआय मार्काची सक्ती २०२४ साली उठली, आणि त्याच वर्षी हे पाणी सरकारी यादीत जास्त जोखमीच्या अन्नात गेलं. पोटाची जोखीम नको म्हणून आपण जे विकत घेतो, तेच.

पोर्तुगालात १९७४ साली कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा बाटलीतल्या मिनरल वॉटरवरही बोट गेलं होतं. फसफसणाऱ्या नव्हे, साध्या. फसफसणारं पाणी आंबट असतं, त्यात जंतूंचा निभाव लागत नाही. हा हिशेब धरला तर आपली गोटी सोड्याची बाटलीच बरी म्हणायची. ती कुठल्या बादलीत विसळतात हे मात्र विचारू नये.

पाणी संपलं की रिकामी बाटली चुरगळू नका. चुरगळा असं लेबलावरच लिहिलेलं असतं, पण ते कोण वाचतं? बाकाखाली नीट उभी ठेवा. गोणी घेऊन डब्यात चढणाऱ्या पोराला चुरगळलेलीपेक्षा धड बाटली जास्त आवडते, आणि धड बाटलीला पुढे आयुष्य असतं.

आता माझ्या त्या मुकाट झाकणाची गोष्ट पुरी करतो. अमळनेरला समोर एक आजी चढल्या. मला घाम पुसताना पाहून त्यांनी तांब्याची फिरकी सोडली. "ले रे भाऊ, घरनं पानी शे. उकाळीसन थंडं करेल शे." मी बाटली उंच धरून दाखवली आणि म्हटलं, "नको आजी, माझ्याकडे सीलबंद आहे." आजींनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता फिरकी लावून टाकली.

दोन दिवसांनी मी परतलो तो थेट दवाखान्यात, सलाईनखाली. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काय खाल्लं? मी म्हणालो, लग्नात शेवभाजी होती, फार तिखट. बायको म्हणाली, तरी मी सांगत होते. डॉक्टरांनीही मान डोलावली. चुलीवर दोन तास रटरटत असलेली ती शेवभाजी आमच्या घरी वर्षभर बंद आहे.