जेटचं टाइप रेटिंग आधी आणि नोकरी नंतर, हा क्रमच चुकीचा आहे

पायलट मुलांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: 'सीपीएल (कमर्शिअल पायलट लायसन्स) झालं ना? मग एअरलाइनच्या जाहिरातीची वाट बघत बसू नका. ३५ लाखांत बिझनेस जेटचं टाइप रेटिंग करा. मुंबईतल्या उद्योगपतींकडे विमानं आहेत, पायलट नाहीत. सहा महिन्यांत नोकरी, पगार एअरलाइनपेक्षा जास्त. आता तर नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय.'

मी बारा वर्षं मुंबई विमानतळाच्या कलिना बाजूहून, जिथे खासगी विमानं असतात, बिझनेस जेट उडवतोय. त्यातली पहिली चार वर्षं उजव्या सीटवर, म्हणजे कोपायलट म्हणून काढली. या मेसेजच्या भरवशावर लोक राहती घरं गहाण टाकताहेत, म्हणून हे लिहितोय.

आधी 'रेटिंग म्हणजे नोकरी' याबद्दल. टाइप रेटिंग म्हणजे एका ठरावीक प्रकारचं विमान उडवता येतं अशी लायसन्सवरची नोंद. सीपीएल २०० तासांवर मिळतं आणि त्यातले बहुतेक तास सेसना १७२ सारख्या एका इंजिनाच्या विमानावर झालेले असतात. त्यावर सिम्युलेटरचे काही आठवडे चढवले, तरी अनुभव तेवढाच राहतो. जेटच्या मालकाला विमा कंपनीच्या अटी सांभाळाव्या लागतात: कॅप्टनचे एकूण तास किती, त्या विमानावरचे किती, कोपायलटचे किती. दोन-अडीचशे तासांचा मुलगा त्या अटींत बहुधा बसतच नाही.

शिवाय कमी तासांच्या पायलटला सिम्युलेटरनंतर खऱ्या विमानावर टेकऑफ-लँडिंग करावी लागतात. एअरलाइनमध्ये त्यासाठी कंपनी विमान देते. स्वतःच्या पैशाने रेटिंग केलेल्या मुलाला कोट्यवधींचं जेट सर्किट मारायला, म्हणजे विमानतळाभोवती फेऱ्या मारत लँडिंगचा सराव करायला, कोण देणार? हा प्रश्न रेटिंग विकणाऱ्या एजंटला कुणी विचारत नाही आणि तो आपणहून सांगत नाही.

मागच्या पावसाळ्यात डोंबिवलीचे एक गृहस्थ ओळखीतून माझ्याकडे आले. प्लास्टिकच्या फाइलमध्ये सगळं नीट लावलेलं: सिम्युलेटरचं सर्टिफिकेट, डॉलरमध्ये भरलेल्या फीच्या पावत्या, बँकेचं कर्जपत्र. मुलाने हॉकर ८००एक्सपी या बिझनेस जेटचं रेटिंग सिम्युलेटरवर केलं होतं. लॉगबुक उघडलं तर शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची. एजंटने हेच विमान का सुचवलं, तर त्या महिन्यात सिम्युलेटरचा स्लॉट रिकामा होता. हॉकर बनवणाऱ्या कंपनीने २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि ती जेटं बनणं तेव्हाच थांबलं, हे त्या बाबांना कुणी सांगितलं नव्हतं. लिअरजेट या दुसऱ्या बिझनेस जेटचंही उत्पादन २०२२ मध्ये बंद झालं. या विमानांची संख्या वर्षागणिक घटत जाणार, आणि जी उरतील त्यांच्यावर आधीपासून बसलेले कॅप्टन आहेत.

एअरबस ए३२० च्या रेटिंगशी तुलना केली की फरक लगेच कळतो. त्या एका रेटिंगवर ए३१९, ए३२० आणि ए३२१ उडवता येतात. इंडिगोने २०२३ मध्ये एकाच वेळी याच कुटुंबातली ५०० विमानं मागवली. सायटेशन एक्सएलएस या बिझनेस जेटचं रेटिंग घेऊन मात्र फाल्कन २००० या दुसऱ्या जेटच्या कॉकपिटमध्ये बसता येत नाही. तिथे रेटिंग पुन्हा, पैसे पुन्हा.

'पायलट नाहीत' हे अर्धवट खरं आहे. अनुभवी कॅप्टन कमी आहेत, नवे कोपायलट कमी नाहीत. एका जेटवर तीन-चार पायलट असतात. एक जागा रिकामी होते तेव्हा जाहिरात सहसा येत नाही, चीफ पायलट ओळखीच्या दोघातिघांना फोन करतो. त्या यादीत हवाई दलात व्हीआयपींची एम्ब्रेअर उडवून निवृत्त झालेले लोक असतात, एअरलाइनमधून बाहेर पडलेले असतात. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. दोन्ही मुंबईच्याच. हजारो तासांचे, रेटिंग असलेले पायलट तेव्हा घरी बसले होते. नुसत्या रेटिंगने नोकरी मिळत असती तर ते एक दिवसही बसले नसते.

आणि रेटिंग टिकवावंही लागतं. ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग हवीत. कमर्शिअल उड्डाणासाठी दर सहा महिन्यांनी प्रोफिशिएन्सी चेक (कौशल्याची परीक्षा), इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, म्हणजे केवळ उपकरणांवर विसंबून उडवण्याच्या परवानगीची, वार्षिक तपासणी वेगळी. विमान नाही तर या चेकसाठी पुन्हा परदेशी सिम्युलेटर, पुन्हा डॉलर.

पगाराचं म्हणाल तर चांगल्या जेटच्या कॅप्टनला तो खरोखर मिळतो. नव्या कोपायलटचा आकडा मेसेजमध्ये दिलेला नाही, यावरून काय ते समजा. नवी मुंबईत डिसेंबर २०२५ पासून विमानं उतरू लागली, चांगलंच झालं. मुंबईत पार्किंग मिळत नाही म्हणून आम्हाला प्रवासी उतरवून विमान दुसऱ्या शहरात नेऊन ठेवावं लागतं, तो त्रास कमी होऊ शकेल. पण पार्किंगची जागा वाढली म्हणून कुणी नवं जेट विकत घेत नाही.

मग बिझनेस जेटचा नाद सोडायचा का? मुळीच नाही. मला हे काम मनापासून आवडतं. कोपायलट पहाटे चारला हँगरवर येतो, फ्लाइट प्लॅन बघतो, हॉटेलमधून आलेले जेवणाचे डबे मोजतो, बॅगा स्वतः चढवतो, आणि सूर्य उगवायच्या आत ४१,००० फुटांवर असतो. या कामावर जीव असलेल्या मुलांनी जरूर यावं. फक्त ऑपरेटरचं, म्हणजे जेट चालवणाऱ्या कंपनीचं, लेखी ऑफर लेटर हातात येईपर्यंत रेटिंगचा एक रुपया भरू नये. त्या पत्रात विमानाचा प्रकार, खऱ्या विमानावरचं ट्रेनिंग आणि रेटिंगचा खर्च कोण करणार, हे तिन्ही लिहिलेलं हवं. एजंटचं पत्र म्हणजे ऑपरेटरचं पत्र नव्हे.

डोंबिवलीच्या त्या मुलाला मी असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंगच्या मागे लागायला सांगितलं. आता तो एका फ्लाइंग स्कूलमध्ये सेसनावर शिकवतोय. सरावाला विमानच न मिळाल्याने हॉकरचं रेटिंग लायसन्सवर चढलंच नाही, कर्जाचे हप्ते बाबा भरताहेत. गेल्या महिन्यात त्याचे ६०० तास पूर्ण झाले. त्याने लॉगबुकच्या त्या पानाचा फोटो मला पाठवला.